गुरुजी घडविण्याचे मोल कोणी द्यावे?

(अध्यापक महाविद्यालयातील निरोप समारंभात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



आज आपल्याला उपदेश करण्याऐवजी एक हिशेब मांडावा, असे मनात आहे.

१८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, तो शक्यतो शेतकरी वर्गातून यावा आणि त्याला दरमहा किमान १२ रुपये वेतन मिळावे, असा त्यांचा आग्रह होता. शिक्षक कोणत्या घरातून येतो आणि त्याच्या पोटाची सोय काय, हे दोन प्रश्न त्यांनी एकत्र मांडले. आपण मात्र त्यांची फारकत केली.

एके काळी प्रशिक्षणार्थी शिक्षकाला सरकार विद्यावेतन देत असे. खेड्यातला हुशार, पण निर्धन मुलगा त्या बळावर गुरुजी होई. पुढे विनाअनुदानित महाविद्यालयांचे पेव फुटले आणि विद्यावेतन घेणारा विद्यार्थी शुल्क भरणारा ग्राहक झाला. महाराष्ट्रातील डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यातूनच न्या. जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला गेला. त्याचा २०१२ चा अहवाल आपण सर्वांनी मुळातून वाचावा.

२०१५ पासून बी.एड. एकाऐवजी दोन वर्षांचे झाले. गुणवत्तेच्या दृष्टीने निर्णय योग्य होता. परंतु वाढलेल्या वर्षाचा भार पालकांवर पडला. राज्याच्या २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आले, मनमानीला लगाम बसला. २०२४ मध्ये ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या पात्र गटांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी देण्याचा निर्णय झाला. या निर्णयाचे स्वागतच केले पाहिजे.

तथापि शुल्कमाफी म्हणजे विद्यावेतन नव्हे. या दोन वर्षांत आपण २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत घालविता. वर्ग घेता, पाठ टाचता, वह्या तपासता. त्या काळात खोलीचे भाडे, खाणावळ, एस.टी.चा खर्च कोण करतो? कारखान्यातील शिकाऊ उमेदवाराला १९६१ च्या कायद्याने विद्यावेतन मिळते, आंतरवासी डॉक्टरला मिळते. मग पिढी घडविण्यास निघालेल्यालाच ते का मिळू नये? पुढेही वाट सोपी नाही. नोकरी लागली, तरी तीन वर्षे शिक्षणसेवक. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन ६ हजारांवरून १६ हजार होण्यासाठी २०२३ साल उजाडावे लागले.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने चार वर्षांच्या एकात्मिक बी.एड.साठी गुणवत्ताधारित शिष्यवृत्त्यांचे आणि ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी विशेष साहाय्याचे आश्वासन दिले आहे. ते कागदावर राहू नये. माझी मागणी लहान आहे. त्या २० आठवड्यांचे विद्यावेतन शासनाने द्यावे.

आणि समाजाने केवळ शासनाकडे बोट दाखवून थांबू नये. वार लावून विद्यार्थी जेवू घालणारी घरे याच महाराष्ट्रात होती. शहरातील दहा कुटुंबांनी मिळून एका प्रशिक्षणार्थीच्या निवासाचा व भोजनाचा भार उचलला, तर एका गावाला चांगला शिक्षक लाभेल. ज्याची ऐपत तो शिक्षक, असे झाले तर ज्याची तळमळ तो शाळेबाहेर राहील. त्याची किंमत मग आपलीच मुले मोजतील.