शेतातली बुरशी घरात येते तेव्हा
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



बुरशी म्हटले की आपल्याला फवारणीचा पंप आठवतो. तांबेरा, भुरी, मर, मूळकूज ही नावे तुम्हाला पाठ आहेत. पण आज मी औषधाचे नाव सांगायला उभा नाही. पीक हाती आल्यानंतर, तुमच्याच घरात, बुरशी काय करते हे मला सांगायचे आहे.

बुरशी सगळीकडे आहे

आजवर बुरशीच्या सुमारे दीड लाख जातींना शास्त्रज्ञांनी नावे दिली आहेत, आणि न ओळखलेल्या जाती याच्या कितीतरी पट असाव्यात. वारुळावर पावसाळ्यात उगवणारी अळंबी ही बुरशीच. धसकटे, पालापाचोळा आणि लाकूड कुजवून जमिनीत खत करणारीही तीच. मायकोरायझा नावाची बुरशी मुळांशी नाते जोडते, पिकाला स्फुरद मिळवून देते आणि त्या बदल्यात पिकाकडून साखर घेते. ट्रायकोडर्मा तर रोगकारक बुरशींवरच जगते, म्हणून आपण ती बियाण्याला चोळतो. तेव्हा सरसकट बुरशीला शत्रू समजणे चुकीचे आहे. बुरशी नसेल तर काडीकचऱ्याचे ढीग तसेच पडून राहतील.

याच जमिनीत ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची एक पिवळसर हिरवी बुरशी राहते. शेतात तिचा पोट भरण्याचा धंदा कुजवण्याचाच. परंतु भुईमूग आणि मका यांच्या दाण्यावर वाढताना ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. हे विष यकृतावर घाला घालते आणि त्यापासून यकृताचा कर्करोगही होऊ शकतो.

दोन घटना

१९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की कोंबड्या अचानक मेल्या. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती. शोध घेता घेता हे विष सापडले.

दुसरी घटना आपल्या शेजारची. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल भागात, काढणीच्या वेळी पाऊस लागलेला मका आदिवासी कुटुंबांनी तसाच साठवला आणि खाल्ला. दुसरे खायला नव्हते. माणसांना कावीळ झाली, पोटात पाणी भरले. शंभराहून अधिक माणसे दगावली. त्याच घरातले अन्न खाणारी कुत्रीही आजारी पडली.

बुरशी आत शिरते कशी?

शेंगा भरण्याच्या काळात, विशेषतः शेवटच्या ३ ते ६ आठवड्यांत, पाण्याचा ताण पडला आणि जमीन तापली, तर ही बुरशी जमिनीतच शेंगेत शिरते. म्हणून शक्य असल्यास त्या वेळचे एक संरक्षित पाणी चुकवू नका. अळीने किंवा वाळवीने पोखरलेल्या, काढणीत फुटलेल्या शेंगा म्हणजे बुरशीला उघडे दार होय.

पण दाण्यात शिरलेली बुरशी वाढणार की नाही, हे ओल ठरवते. शेतातला पाऊस आपल्या हाती नाही. घरातली ओल मात्र आपल्याच हाती आहे. त्यासाठी पुढील गोष्टी करा.

१) उपटलेल्या वेलांचा ओला ढीग घालू नका. शेंगा वर येतील असे वेल उलटे पसरून वाळवा.

२) शेंगेतील ओलावा ८ टक्क्यांवर आणा. शेंग कानाजवळ हलवली असता दाणे खुळखुळले पाहिजेत.

३) शेंगा फोडताना पाणी शिंपडू नका. दाणे कमी फुटतात हे खरे, पण त्या ओलीने बुरशीला मोकळे रान मिळते.

४) मका पुरेसा वाळला की नाही हे घरी पाहता येते. कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर दाणे आणि चमचाभर कोरडे मीठ घालून चांगले हलवा. मीठ बरणीला चिकटले तर मका अजून ओला आहे; पुन्हा उन्हात टाका.

५) पोती जमिनीवर ठेवू नका, भिंतीला टेकवू नका. खाली फळ्या घाला आणि भिंतीपासून दीड-दोन फूट अंतर सोडा. गळके छप्पर पावसाळ्याआधी शाकारा.

निवडलेल्या खराब शेंगांचे काय?

आता मुख्य मुद्दा. माता-भगिनींनो, तुम्ही सुपात शेंगदाणे निवडता. चांगले दाणे बाजारात जातात. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचे दाणे बाजूला निघतात. त्यांचे पुढे काय होते? काही कुटात जातात, काही घाण्यावर, काही गोठ्यात.

हे विष नेहमीच्या शिजवण्याने वा भाजण्याने पूर्णपणे जात नाही. दाणा पुसला, धुतला तरी आत शिरलेले विष आतच राहते. घाण्यावर गाळले तर काही अंश तेलात उतरतो आणि बराचसा पेंडीत राहतो. ती पेंड आपण दुभत्या गाईला घालतो. गाईच्या शरीरात त्या विषाचे रूप बदलते आणि त्याचा काही भाग दुधात येतो. ते दूध घरातले लहान मूल पिते. म्हणजे बाजारात जे विकायला आपल्याला लाज वाटली, ते फिरून आपल्याच लेकराच्या पेल्यात आले.

पसाभर दाणे टाकून देताना जीव कळवळतो, हे मी जाणतो. मीही शेतकऱ्याच्याच घरातला आहे. तरीही बुरशीचे दाणे खाऊ नका, विकू नका, जनावरांनाही घालू नका. निवडताना नाकातोंडाला फडके बांधा, कारण बुरशीच्या धुरळ्याने दम्याचा त्रास वाढतो. निवडलेले खराब दाणे घरापासून दूर खड्डा करून पुरा.

मातीत गेल्यावर त्यांचे काय करायचे ते तिथल्या इतर बुरशींना ठाऊक आहे. ते त्यांचे काम आहे. आपले काम एवढेच, की दाणा कोरडा ठेवायचा आणि खराब दाणा ताटात येऊ द्यायचा नाही.