कबुली आणि पाचवे शील

(वर्षावासानिमित्त सोनारी, ता. परंडा येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पाचवे शील तर आपण प्रत्येक वंदनेत म्हणतो. लग्नात म्हणतो, जलदानविधीत म्हणतो; आणि म्हणून झाल्यावर मांडवामागे काय चालते, तेही सगळ्यांना ठाऊक असते. प्रश्न असा की, शील मोडल्यावर माणसाने जायचे कुठे?

विनयपिटकात सागत नावाच्या भिक्खूची कथा आहे. अंबतित्थ येथील भयंकर नागाला त्याने जिंकले, म्हणून कोसंबीच्या उपासकांनी आदराने घरोघरी त्याला मद्य पाजले. भिक्खू नगराच्या वेशीत कोसळला. त्याला उचलून विहारात आणले, तर तो भगवंतांकडेच पाय करून निजला. तेव्हा मद्यपानाविरुद्धचा नियम झाला. पाजणारे वैरी नव्हते, भक्त होते, हे ध्यानात घ्या. आपल्याकडेही पहिला पेला बहुधा दोस्तच देतो. आणि दुसरे म्हणजे, हा नियम पाचित्तिय वर्गातला आहे. तो मोडला म्हणून संघातून हाकलत नाहीत. दुसऱ्या भिक्खूसमोर कबुली द्यावी लागते. पंधरवड्याच्या उपोसथाला शुद्ध होऊन बसायचे, तर आधी बोलावे लागते.

१९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांतही कबुली आहे: ईश्वराजवळ, स्वतःजवळ आणि दुसऱ्या एका माणसाजवळ. आपल्याला यातला ईश्वर घेता येत नाही. पण दुसरा माणूस घेता येतो, आणि माझ्या मते सगळी ताकद तिथेच आहे. देव मनातले ऐकतो असे म्हणून माणूस सुटू शकतो. शेजारी बसलेला मात्र पुढच्या पौर्णिमेला विचारतो, "काय रे, कसं चाललंय?"

आमचे वारकरी बांधव माळ घालतात. माळकरी म्हटले की दारू-मटण बंद, हे गावाला माहीत असते. गळ्यातली माळच त्याच्यावर नजर ठेवते. आपल्या शीलाला अशी दिसणारी खूण नाही. मग ती नजर संघाने, म्हणजे आपणच द्यायला हवी.

मात्र कबुलीने सारे पुसले जाते असे कोणी समजू नये. पितृहत्या केलेला अजातशत्रू भगवंतांपुढे बोलला. भगवंतांनी ते स्वीकारले. दोष दोष म्हणून पाहणे आणि पुढे संयम करणे ही वाढ आहे, असे सांगितले. पण तो उठून गेल्यावर भिक्खूंना हेही सांगितले की, त्या कर्माने त्याची धम्मदृष्टी हुकली. म्हणून घरात मार खाल्लेल्या बाईला कोणी म्हणू नये, "आता त्याने कबूल केले, तू माफ कर." माफी देणे-न देणे तिचा अधिकार. नवऱ्याने उधारीचा आकडा सांगावा, गहाण टाकलेल्या दागिन्याची पावती तिच्या हाती द्यावी आणि पगार घरी आणावा. मी बँकेत बसतो, मला आकड्यांवरच विश्वास.

दुसरी सूचना. कबुली स्टेजवर, माईकसमोर, हारतुऱ्यांत घेऊ नका. टाळ्या मिळालेला माणूस पुन्हा घसरला तर शरमेने विहाराची पायरी चढत नाही. ऐकणारे दोन-तीनच असावेत, स्वतः न पिणारे, त्याचे सावकार नसलेले, आणि ऐकलेले पारावर न सांगणारे. तेही स्वतःचे दोष बोलणारे हवेत. वर्षावासाच्या शेवटी पवारणेला थोर भिक्खूसुद्धा म्हणतो की, माझे काही पाहिले, ऐकले वा शंका आली असेल तर सांगा. वरचा-खालचा तिथे उरत नाही.

विद्यार्थ्यांनो, एक गोष्ट घरी सांगा. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर हातपाय कापतात, फिट येते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. अशा वेळी परित्राणपाठाआधी दवाखाना. पुण्याला डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले मुक्तांगण आहे; सरकारी रुग्णालयातही मानसोपचार विभागात विचारता येते.

दवाखान्यातून परत आल्यावरचे दिवस मात्र आपले. तेव्हा आश्विन पौर्णिमेपासून दर पौर्णिमेला, वंदना संपल्यावर, विहारात एक तास दार लोटून दोन माणसांनी बसावे, असे मी सुचवितो. कोणी आले नाही तरी बसावे. पहिल्या दोघांत माझे नाव लिहून घ्या.

जयभीम. नमो बुद्धाय.