राष्ट्रीय दिन आणि आपल्या शाळा



शाळेंतील राष्ट्रीय दिनाचें एक ठरलेलें चित्र आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. मैदानावर चुन्याच्या रेघा, त्यांवर मुलांच्या रांगा, मध्यभागीं ध्वजस्तंभ, बाजूला मांडवाखालीं पाहुण्यांच्या खुर्च्या. ध्वजवंदन होतें, राष्ट्रगीत होतें, पाहुण्यांचें भाषण लांबतें, उन्हानें एखादें मूल घेरी येऊन खालीं बसतें. आणि मग 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो' अशी सुरुवात करून एक विद्यार्थी घरून पाठ करून आणलेलें भाषण एका दमांत म्हणून टाकतो. शेवटीं हातांत खाऊ पडतो आणि दिवस संपतो. या चित्राची थट्टा करणें सोपें आहे व ती पुष्कळांनीं केलीहि आहे. आजच्या भाषणाचा माझा हेतु तो नाहीं. मला विचारावयाचें आहे तें एवढेंच कीं, त्या दिवशीं घरीं परतणाऱ्या मुलाच्या मनांत त्या दिवसाचा अर्थ म्हणून काय उरतें, आणि काय उरावयास हवें?

प्रथम समारंभाच्या बाजूनें दोन शब्द सांगतों. कित्येक सुशिक्षित माणसें म्हणतात कीं, हें सारें कवाईती कर्मकांड आहे. त्यापेक्षां मुलांना सरळ सुट्टी द्यावी. मला हें मत पटत नाहीं. संपूर्ण राष्ट्रगीत म्हणावयास सुमारें ५२ सेकंद लागतात. तेवढा वेळ श्रीमंताचें मूल व गरिबाचें मूल, पहिल्या क्रमांकाचा विद्यार्थी व नापास झालेला विद्यार्थी, मुख्याध्यापक व शिपाई हे सर्व एकाच रीतीनें उभे असतात. वर्षाच्या इतर दिवसांत असा प्रसंग आपल्या समाजांत किती वेळां येतो? बालवयांत शरीराला लागलेलें वळण पुढें मनालाहि उपयोगी पडतें. तेव्हां समारंभ अवश्य असावा. मात्र त्या ५२ सेकंदांनीं जें सुचविलें, तें पुढच्या दोन तासांत विसरावयास लावणारा तो नसावा.

मग दिनाचा अर्थ शोधावयाचा कोठें? माझें उत्तर असें कीं, तो त्या तारखेंतच शोधावा. राष्ट्रीय दिनाची तारीख कोणीतरी, कांहीं कारणानें निवडलेली असते. २६ जानेवारीचेंच उदाहरण घेऊं. १९२९ सालच्या डिसेंबरांत लाहोर येथें रावीच्या कांठीं राष्ट्रसभेचें अधिवेशन भरलें. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. पूर्ण स्वराज्य हें ध्येय तेथें ठरलें, आणि १९३० च्या २६ जानेवारीस, रविवारच्या दिवशीं, गांवोगांव सभा भरवून लोकांनीं स्वातंत्र्याची प्रतिज्ञा घेतली. स्वातंत्र्य मिळावयास त्या वेळीं आणखी सतरा वर्षांचा अवकाश होता. जें अद्याप हातीं आलें नव्हतें, त्याचा दिन लोक दरवर्षीं पाळीत होते, आणि तो पाळल्याबद्दल प्रसंगीं तुरुंगाची वाटहि धरीत होते. पुढें संविधान सभेनें २६ नोव्हेंबर १९४९ रोजीं राज्यघटना स्वीकारली. कांहीं कलमें तत्काळ अमलांत आलीं. परंतु उरलेल्या घटनेसाठीं दोन महिने थांबून २६ जानेवारी १९५० हा दिवस धरण्यांत आला, तो त्या जुन्या प्रतिज्ञेचा मान राखण्यासाठीं.

या इतिहासावरून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रजासत्ताक दिन हा मुळांत प्रतिज्ञेचा दिवस आहे. विजयाच्या दिवशीं मागें पाहून आनंद मानावयाचा असतो. प्रतिज्ञेच्या दिवशीं दिलेला शब्द कितपत पाळला गेला, याचा हिशेब करावयाचा असतो. आपल्या शाळांनीं दोन्ही दिवस एकाच सांच्यांत बसविले आहेत, त्यामुळें हिशेबाचा भाग साफ राहून गेला आहे.

तारखेकडे अशा दृष्टीनें पाहूं लागलें म्हणजे आणखी एक गोष्ट मुलांच्या ध्यानांत येते. ती ही कीं, स्वातंत्र्याची तारीख देशांतील प्रत्येक घराची एकच नव्हती. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं पुण्यामुंबईंत तिरंगा चढला, त्या वेळीं मराठवाडा निजामाच्या राज्यांत होता. तेथें तो दिवस उजाडावयास आणखी तेरा महिने लागले, आणि म्हणूनच १७ सप्टेंबर १९४८ च्या स्मरणार्थ तेथील शाळांत मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. गोवा तर त्यानंतरहि, १९ डिसेंबर १९६१ पर्यंत, पोर्तुगीजांच्या ताब्यांत होता. पुण्यामुंबईच्या आजच्या कोणत्याहि वर्गांत एखाद्या मुलाचें आजोळ लातूरकडचें, तर एखाद्याचें फोंड्याकडचें असावयाचेंच. शिक्षकांनीं १५ ऑगस्टच्या आधीं आठ दिवस वर्गाला एवढाच प्रश्न द्यावा: 'तुमच्या घराण्याच्या गांवीं स्वातंत्र्य केव्हां आलें, आणि त्या दिवशीं तुमच्या घरांत कोण होतें?' मूल घरीं जाऊन विचारील. पणजोबांची एखादी हकीकत निघेल, पेटींतला एखादा जुना फोटो निघेल. किंवा 'आमच्याकडे आतां कोणाला कांहीं आठवत नाहीं,' असेंहि उत्तर मिळेल. तेंहि उत्तर शिकविणारेंच आहे. १९४७ सालीं दहा वर्षांचें असलेलें मूल आज नव्वदीला टेकलें आहे. हें काम पुढें केव्हांतरी सवडीनें करूं, असें म्हणण्याइतका वेळ आपल्यापाशीं उरलेला नाहीं.

आतां एका अशा दिनाविषयीं बोलतों, जो पुष्कळ घरांत अजून माहीत नसेल, पण जो माझ्या मतें शाळेला सर्वांत जवळचा आहे. ७ नोव्हेंबर हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळावा, असें महाराष्ट्र शासनानें २०१७ सालीं ठरविलें. या तारखेस कोणाचा जन्म झाला नाहीं कीं कोणती लढाई जिंकली गेली नाहीं. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं सातारच्या सरकारी हायस्कुलांत, म्हणजे ज्याला आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात तेथें, एका मुलाचें नांव दाखल झालें. नोंदवहींत १९१४ या क्रमांकापुढें तें नांव आहे: भिवा रामजी आंबेडकर.

परंतु नांव दाखल झाल्यानें सर्व कांहीं झालें, असें नव्हतें. बाबासाहेबांनीं स्वतः आपल्या आठवणींत लिहून ठेविलें आहे कीं, वर्गांत त्यांना एका कोपऱ्यांत वेगळें बसावें लागे. बसावयाचें गोणपाट घरून न्यावें लागे आणि संध्याकाळीं परत आणावें लागे, कारण शाळा झाडणारा नोकरहि त्याला हात लावीत नसे. तहान लागली म्हणजे इतर मुलें मास्तरांची परवानगी घेऊन नळावर जात व पाणी पीत. या मुलाला नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायानें नळ सोडला तर पाणी मिळे. शिपाई नसला तर तहान सोसावी लागे. त्या नोंदीला पन्नास वर्षें भरण्याच्या आंत, याच मुलाच्या अध्यक्षतेखालीं मसुदा समितीनें सिद्ध केलेली राज्यघटना अमलांत आली, आणि तिच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट करून तिचें कोणत्याहि स्वरूपांतील आचरण निषिद्ध ठरविलें.

७ नोव्हेंबर आणि २६ जानेवारी या दोन तारखांचा हा संबंध एकदां मुलांना कळला, म्हणजे प्रजासत्ताकाची व्याख्या फळ्यावर लिहून देण्याची फारशी गरज राहत नाहीं. तहान प्रत्येक मुलाला ठाऊक असते, आणि पाण्याचा नळ त्याच्या रोजच्या पाहण्यांतला असतो.

येथून पुढचा प्रश्न मात्र अवघड आहे, आणि तो टाळून चालणार नाहीं. आज आपल्या शाळेंत तहानलेलें कोण आहे? स्वच्छ गणवेश नाहीं म्हणून राष्ट्रीय दिनासच घरीं राहणारें मूल आहे काय? ज्याला चालतां येत नाहीं, त्या मुलाला व्यासपीठावर चढण्याची सोय आहे काय? दरवर्षीं त्याच त्या चार मुलांनीं भाषणें करावयाचीं आणि उरलेल्यांनीं टाळ्या वाजवावयाच्या, असें कां? मुलींच्या हातीं रांगोळी व ओवाळणीचें तबक, आणि मुलांच्या वांट्याला ध्वजाची दोरी व भाषण, ही वांटणी कोणीं केली? समारंभ संपल्यावर मैदान कोण झाडतें? हे प्रश्न मुलांनीं विचारावेत आणि शिक्षकांनीं ते शांतपणें ऐकून घ्यावेत. त्यांपैकीं एकाचें जरी उत्तर त्या वर्षांत प्रत्यक्ष कृतीनें दिलें गेलें, तरी तो राष्ट्रीय दिन सार्थकीं लागला असें मी म्हणेन.

कोणी म्हणेल, कोवळ्या मुलांपुढें समाजाचे दोष मांडल्यानें त्यांचा देशाभिमान उणावेल. ही शंका प्रामाणिक आहे, परंतु अनुभव उलट सांगतो. ज्याला लहानपणीं केवळ स्तुतीच ऐकविली, तो मोठेपणीं पहिला दोष दिसतांच खचतो, किंवा तो दोष दाखविणाऱ्यावरच चिडतो. ज्यानें सातारच्या नळाची हकीकत आणि सतरावें कलम हीं दोन्ही एकत्र ऐकलीं, त्याला हें कळून चुकतें कीं आपला देश चुकतोहि आणि आपली चूक दुरुस्तहि करूं शकतो. आणि ती दुरुस्ती करणारा माणूस एके काळीं आपल्यासारखाच शाळेंत जाणारा मुलगा होता. यापेक्षां टिकाऊ अभिमान मला तरी ठाऊक नाहीं. अर्थात् मुलांना दिवसभर उपदेश करीत बसावें, असें माझें म्हणणें नाहीं. खाऊ असावा, खेळ असावेत, गाणीं असावींत. एक तारीख, तिची खरी हकीकत, आणि त्या हकीकतींतून आपल्या शाळेपुरता निघणारा एक प्रश्न, एवढें त्या सकाळीं झालें तरी पुरे. त्याला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाहीं, आणि पाहुण्यांचें भाषण थोडें आखूड केलें तर तो अर्धा तास सहज मिळतो.

सर्व भार शाळेवर टाकून आपण घरांतल्या माणसांनीं मोकळें व्हावें, हेंहि योग्य नव्हे. शहरांतील आपल्या घरांत राष्ट्रीय दिन म्हटला कीं प्रथम पंचांगाकडे नजर जाते: तो शनिवार-रविवारला जोडून येतो काय, आणि लोणावळ्यास किंवा महाबळेश्वरास जाण्याचा बेत जमतो काय? प्रवासाला माझा विरोध नाहीं. परंतु शाळेंतील त्या एका तासासाठीं मुलाला पाठविण्यास आपण कां कू करूं लागलों, कीं मूल त्यावरून काय शिकावयाचें तें अचूक शिकतें. दुसरी गोष्ट भाषणाची. मुलाचें भाषण वडिलांनीं किंवा आईनें लिहून द्यावयाचें आणि त्यानें तें पाठ करावयाचें, ही चाल आतां सोडून द्यावी. आजोबा-आजी घरांत असतील तर मुलाला त्यांच्यापाशीं बसवावें. त्यांच्या लहानपणीं शाळेंत कोण येई, कोण येऊं शकत नसे, पाणी कोठून मिळे, मुली कोणत्या इयत्तेपर्यंत शिकत, हें त्याला विचारूं द्यावें. त्यानें आपल्या वेड्यावांकड्या शब्दांत लिहिलेल्या दहा ओळी पाठ केलेल्या दोन पानांपेक्षां वर्गाला अधिक सांगतील.

राष्ट्रें आपल्या प्रतिज्ञा ग्रंथांत लिहून ठेवितात, पण त्या पाळावयाच्या असतात त्या वर्गांत, नळावर आणि रांगेंत. येत्या राष्ट्रीय दिनाच्या आदल्या संध्याकाळीं आपल्या मुलाला एकच विचारावें: 'उद्यां हीच तारीख कां?' त्याला उत्तर आलें तर तें शांतपणें ऐकावें, आणि आलें नाहीं तर दोघांनीं मिळून शोधावें.