स्थलांतर आणि सोबत

नोव्हेंबर २०१९ मध्ये भारतातील अनेकांनी ट्विटर सोडून मॅस्टोडॉनची वाट धरली. ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते बंद झाल्याचे ते निमित्त होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये एलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतले, तेव्हा असेच स्थलांतर जगभर घडले. दोन्ही वेळी पुष्कळजण परत फिरले.

त्यांना चंचल म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांना नवे घर मिळाले. पण अनुयायी सोबत नेण्याची सोय नसल्याने शेजार मागेच राहिला.

ऑयगेन रोच्को यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या मॅस्टोडॉनची रचना निराळी आहे. त्याला एक मालक नाही. अनेक स्वतंत्र सर्व्हर परस्परांशी जोडलेले असतात. एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाताना जुने लेखन मागे राहते, अनुयायी मात्र सोबत नेता येतात. अर्थात या सोयीचेही मोल असते. बहुतेक सर्व्हर स्वयंसेवकांच्या श्रमांवर आणि देणग्यांवर चालतात; हा आधार तुटला तर सर्व्हर बंद पडतो.

आपली माणसे न गमावता निघता येणे, हेच खरे स्वातंत्र्य होय. ते हवे असेल, तर त्याच्या निगराणीचा भार आपणच उचलला पाहिजे.