चंचल मूल आणि लांब पल्ल्याची वाट



दुसऱ्यासाठी धावणे म्हणजे काय, हे बारामतीकरांना वेगळे सांगावयास नको. २०१४ च्या सुमारास येथील मॅरेथॉनमध्ये साठी ओलांडलेल्या लता भगवान करे नऊवारी लुगड्यात अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. पतीच्या तपासणीसाठी पैसे हवे होते, एवढेच त्यामागील कारण. पुढे त्यांच्या नावाचा मराठी चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतः काम केले आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. एका घरातील दुखणे त्या धावेमुळे साऱ्या महाराष्ट्राला कळले.

काही दुखण्यांना मात्र घरचेही दुखणे म्हणावयास धजत नाहीत. एक मूल वर्गात पाच मिनिटे स्वस्थ बसत नाही. प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देते, वही-कंपास रोज हरवते, पाठशाळेत सामायिकाच्या वेळी शेजाऱ्याच्या आसनावर जाऊन बसते. त्याला व्रात्य, उनाड, मठ्ठ अशी विशेषणे मिळतात आणि आईला ‘लाडावून ठेवले’ हा ठपका. असे वर्तन बाराव्या वर्षाआधीपासून, घरी आणि शाळेत दोन्हीकडे, सहा महिन्यांहून अधिक काळ दिसत असेल आणि त्यामुळे मुलाचे शिक्षण व मैत्री अडत असेल, तर तो एडीएचडी, म्हणजेच अवधान-अभाव व अतिचंचलता, असू शकतो. हा मेंदूच्या वाढीशी निगडित विकार असून त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे; संस्कार कमी पडले म्हणून तो होत नाही. लंडनचे बालवैद्य जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्येच अशा मुलांचे वर्णन व्याख्यानांतून केले होते, तेव्हा हे मोबाईलच्या युगाचे खूळ आहे असे म्हणण्यात अर्थ नाही. मुलींमध्ये तर पुष्कळदा चंचलता दिसतच नाही. त्या खिडकीबाहेर पाहत गप्प बसतात, आणि म्हणूनच त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

सहा वर्षांखालील मुलांसाठी पहिला उपाय औषध नव्हे, तर पालकांचे प्रशिक्षण, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. मोठ्या मुलांना औषध लागले तरी वर्तनोपचाराची जोड हवीच. हा उपचार ऐकावयास फार साधा वाटतो. एका वेळी एकच सूचना द्यावी, तीही मुलाच्या जवळ जाऊन, डोळ्यांत पाहून. ‘नीट वाग’ असे न म्हणता ‘दप्तर खुंटीला लाव’ असे म्हणावे. त्याने ते केले की त्याच क्षणी शाबासकी द्यावी. संध्याकाळी वडील दुकानातून येईपर्यंत ती शिळी होते. भिंतीवरील तक्त्यावर चांदणी काढावी, ठराविक चांदण्या झाल्या की ठरलेले बक्षीस द्यावे. किरकोळ चाळ्यांकडे दुर्लक्ष करावे आणि आजीचा नियम एक, आईचा दुसरा, असे होऊ देऊ नये. एकत्र कुटुंबात ही शेवटची अट पाळणे सर्वांत कठीण!

कठीण ते यासाठी की, हे आठ दिवस करून भागत नाही. आषाढीला तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी असे करीत इंदापूरला पोहोचते. ती एका दमात जात नाही, मुक्काम करीत जाते. वर्तनोपचाराची चालही तशीच आहे. मध्ये परीक्षा येते, पाहुणे येतात, मूल पुन्हा पहिल्या जागी गेल्यासारखे वाटते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच सूचना, तोच तक्ता.

याच सुमारे पन्नास किलोमीटरच्या वाटेवर समाजातील तरुणांनी टप्प्याटप्प्याने धावण्याचे आयोजन करावे, प्रत्येक गावी थांबून शाळेत पालकांशी तासभर बोलावे, ही सूचना विचारात घेण्याजोगी आहे. नुसते धावून घोषणा दिल्या तर छायाचित्रे निघतील, दुसरे काही साधणार नाही. धावणाऱ्यांबरोबर एखादे बालमानसतज्ज्ञ असावेत. आणि धावावे मोठ्यांनीच. २००६ मध्ये ओडिशात चार वर्षांच्या बुधिया सिंगला पुरी ते भुवनेश्वर ६५ किलोमीटर धावविण्यात आले. त्या कौतुकावर पुढे सरकारलाच बंदी घालावी लागली. चंचल मुलांना मैदानी खेळ जरूर द्यावेत, व्यायामानंतर त्यांचे लक्ष काही काळ बरे लागते. पण दमविणे म्हणजे उपचार नव्हे, आणि त्या मुलांना फलक धरून मिरविणे तर मुळीच नव्हे. उद्या त्याच गावात त्यांना शाळेत जावयाचे असते.

सोयरीक जमविताना अडचण येईल, या भीतीने अनेक घरे तज्ज्ञाकडे जात नाहीत. त्यांनी निदान एवढे करावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे सुरू झाला आणि त्याच्या तपासणीच्या यादीत एडीएचडीचा समावेश आहे. शासकीय व अनुदानित शाळेत त्याचे पथक येते तेव्हा वर्गशिक्षकांना आधी सांगून ठेवावे. इतरांनी आपल्या बालरोगतज्ज्ञांकडे विषय काढावा. तेही अवघड वाटल्यास ‘टेलि मानस’चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक आहे. तो रात्रीही चालतो, आणि मराठीतून बोलता येते.