अवटू ग्रंथीचे विकार आणि झोप

हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग सुरू केला, तेव्हा त्यांच्यासमोरचा विकार उघड्या डोळ्यांना दिसणारा होता. गळ्याशी लोंबणारा गलगंड कोणापासून लपत नाही. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९९२ मध्ये त्याची व्याप्ती आयोडीनच्या कमतरतेतून उद्भवणाऱ्या सर्व विकारांपर्यंत नेण्यात आली. मात्र थायरॉईड या नावाने परिचित असलेल्या अवटू ग्रंथीचे सारेच विकार काही मिठाने टळत नाहीत. शरीराची प्रतिकारयंत्रणा या ग्रंथीवरच उलटली, तरी तिचे कार्य मंदावते आणि गळ्यावर सूज दिसेलच असे नाही. देशातील आठ शहरांत पाच हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत सुमारे ११ टक्के व्यक्तींमध्ये या ग्रंथीची न्यूनता आढळली. शंभरातील तीन-चार जणांना तर त्याची कल्पनाही नव्हती.

असा विकार पुष्कळदा झोपेच्या तक्रारीतून व्यक्त होतो. संप्रेरक कमी पडले की चयापचय मंदावतो. आठ-नऊ तास झोपूनही थकवा जात नाही, दिवसा डोळे मिटतात, थंडी सोसत नाही. स्त्रियांमध्ये हा विकार अधिक. आणि घरातील स्त्रीच्या अशा थकव्याला आळस म्हणून मोकळे होणे हे आपल्याकडे फार सोपे आहे. काहींची जीभ व घशाच्या आतील भाग सुजतो, तेथील स्नायू शिथिल होतात, रात्री घोरणे वाढते आणि झोपेत श्वास क्षणभर थांबत राहतो. रुग्णाला त्याचा पत्ता नसतो. सकाळी डोके जड असते, एवढेच त्याला कळते.

ग्रंथी अतिक्रियाशील झाली की चित्र उलटते. हृदयाची धडधड, घाम, हातांचा कंप आणि उडालेली झोप ही त्याची लक्षणे. वजन उतरवण्यासाठी थायरॉक्झिनच्या गोळ्या परस्पर घेणाऱ्यांवरही हीच वेळ ओढवते.

धोका आहे तो येथे. झोप लागत नाही म्हणून वा झोपेने समाधान होत नाही म्हणून झोपेची गोळी घेतली जाते. ग्रंथीच्या तीव्र, उपचार न झालेल्या न्यूनतेत असे शामक औषध श्वसन आणखी मंद करते. क्वचित रुग्ण बेशुद्धावस्थेत जाऊन जिवावर बेतते. म्हणून दीर्घकाळ टिकलेल्या तक्रारीत आधी टीएसएच ही साधी रक्ततपासणी व्हावी. अर्थात प्रत्येक थकव्याचे खापर थायरॉईडवर फोडणेही योग्य नव्हे. रक्तक्षयामुळेही थकवा येतो, आणि तो आपल्या देशात विपुल आहे.

नवजात बालकाचा विचार तर निराळाच करावा लागतो. दूध ओढण्याचा कंटाळा करणारे, सदैव झोपलेले, क्वचितच रडणारे मूल 'गुणी' म्हणून कौतुकास पात्र ठरते. जन्मजात अवटू-न्यूनतेचे हे लक्षण असू शकते. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून निदान होते आणि पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाल्यास बुद्धीची कायमची हानी बहुतांशी टळते. पुढे गमावलेले परत मिळवता येत नाही.

प्रौढांसाठी थायरॉक्झिन हे स्वस्त औषध असून ते अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीत आहे. ते सकाळी उपाशीपोटी घ्यावे, चहा अर्ध्या तासाने. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या त्यानंतर चार तासांनी. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करून मात्रा ठरवावी लागते. ती योग्य झाल्यावरही घोरणे आणि दिवसाची गुंगी कायम राहिली, तर श्वसनरोधाचे कारण स्वतंत्र असू शकते व त्यासाठी झोपेची तपासणी आवश्यक ठरते. ही सोय आजही मुख्यतः मोठ्या शहरांतील रुग्णालयांत आहे.