गहाण पडलेले दागिने आणि घरात आलेली पुस्तके

(वाचनालयाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)

घरात वाचनाची आवड आहे असे म्हटले की काचेची कपाटे आणि आरामखुर्ची डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु ज्या घराच्या विद्याप्रेमाने या देशाच्या इतिहासाला वळण दिले, त्या घरात कपाट तर नव्हतेच. मुलाला अंग पसरून निजण्यापुरती जागाही नव्हती. ते घर म्हणजे परळच्या चाळीतील सुभेदार रामजी सकपाळ यांची खोली.

रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. अस्पृश्य ठरविलेल्या माणसाला गावाने नाकारलेले अक्षर पलटणीने दिले, आणि त्यांनी ते जिवापाड जपले. ते कबीरपंथी. तरीही भीमराव आणि त्यांचे थोरले बंधू यांना ते रोज रामायण-महाभारताचा काही भाग मोठ्याने वाचावयास लावीत. बहिणी व जमलेली माणसे ऐकत असत. ही आठवण बाबासाहेबांनीच लिहून ठेवली आहे. पुढे त्यांनी याच ग्रंथांची कठोर चिकित्सा केली. चिकित्सेला मूळ ग्रंथाचा परिचय लागतो. तो त्यांना घरात मिळाला. शाळेने मात्र संस्कृत शिकू दिले नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली.

खोली एकच. मुलगा लवकर निजे. बाप रात्री दोनपर्यंत जागा राही, मग त्याला अभ्यासाला उठवी आणि स्वतः आडवा होई. निवृत्तिवेतनात पुस्तके बसत नसत. तेव्हा रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात, पैसे मागत. पैसे नसले तर त्यांचा एखादा दागिना गहाण ठेवीत आणि निवृत्तिवेतन हाती येताच सोडवून आणीत. एका भावाची शाळा सुटली, तो कामाला लागला. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, १९१३ साली अमेरिकेस गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत रामजींनी डोळे मिटले होते.

या कथेचा गौरव पुष्कळ होतो, हिशेब क्वचितच मांडला जातो. घराचे विद्याप्रेम सर्वांचे होते; त्याचे फळ मात्र एकाच्याच पदरात पडू शकले. ज्या बहिणींच्या दागिन्यांतून पुस्तके आली, त्यांच्या वाट्याला श्रोत्याचीच जागा आली. हा दोष रामजींचा नव्हे. ज्या समाजात पुस्तक विकतच घ्यावे लागते, तेथे गरिबाच्या घरी कोणीतरी एकच शिकतो आणि बाकीचे त्याची किंमत मोजतात.

ही किंमत समाजाने मोजावी, एवढ्यासाठीच सार्वजनिक ग्रंथालय असते. मद्रास प्रांताने १९४८ च्या कायद्यान्वये मालमत्ता-करावर ग्रंथालयासाठी अधिभार बसविला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्यात असा स्वतंत्र कर नाही. गावोगावची वाचनालये स्थानिक संस्थांच्या कष्टांवर आणि सरकारी अनुदानाच्या प्रतीक्षेत चालतात.

मित्रहो, एका खोलीत राहणारी कुटुंबे आजही आहेत. तेथल्या मुलीला पहाटेचा दिवा, बसावयास जागा आणि हवे ते पुस्तक तिच्या हक्काने मिळाले पाहिजे. त्यागाच्या कथा सांगून वर्धापनदिन साजरे होतील. पण ज्या दिवशी पुस्तकासाठी कोणाच्याही बहिणीचा दागिना गहाण पडणार नाही, त्या दिवशीच रामजींच्या त्या रात्रींचे ऋण काही अंशी फिटेल.